सत्तेचाळीस सेकंदांचा चढ

३ मार्च, रविवार. सकाळी ७.१५

निर्णय झाला. गाडीचा इनटेक मी स्वतः, घरी, पोर्ट आणि पॉलिश करणार.

कारण लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर शोधाशोध नको. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. पंधरा एप्रिलला, सोमवारी, हजर व्हायचं. म्हणजे शनिवारी, तेरा तारखेला निघायचं. तिला आपल्याच गाडीने मी सोडणार. फक्त ती आणि मी. बायको मग मे महिन्यात घर लावून द्यायला जाईल. सहा तासांचा रस्ता, मध्ये घाट. गाडी एकतीस वर्षांची.

याच घाटात गेल्या वर्षी साडूने आम्हाला ओव्हरटेक केलं. त्याच्या त्या नव्या, डबीएवढ्या गाडीने. आम्ही वर पोहोचलो तेव्हा तो आणि मेहुणी चहा पिऊन, कप परत देऊन उभे होते. साडू म्हणाला, आम्हाला वाटलं तुमचा बेत रद्द झाला. बोलायचं ते इंजिन बोलेल.

इंजिनाला श्वास घ्यायला त्रास होतोय, हे माझं निदान. पेट्रोल मिसळलेली हवा ज्या चार बोटांच्या ॲल्युमिनियमच्या नळीतून इंजिनात शिरते, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. कंपनी तो आतून ओबडधोबड सोडते. आळस. तो आतून घासायचा, तोंडं मोठी करायची, मग चकाचक करायचा. हवा सुसाट.

हे सगळं बावीस मिनिटांच्या एका व्हिडिओत आहे. ऑफिसात डबा खाताना पाहिला. आवाज बंद ठेवून, कारण शेजारी साहेबांची केबिन. पण असली कामं डोळ्यांनीच शिकायची असतात. व्हिडिओतला टकला माणूस शेवटी आरशासारखा चकचकीत मॅनिफोल्ड कॅमेऱ्यासमोर धरतो आणि नुसता मान हलवत राहतो. स्वतःच्या कामावर विश्वासच बसत नव्हता त्याचा.

बायको म्हणाली, चालत्या गाडीला हात कशाला लावायचा. ती दातांच्या डॉक्टरकडे असिस्टंट आहे. तिथे माणसं दुखल्यावर येतात. दुखायच्या आधी करायच्या कामाची तिला सवय नाही.

३ मार्च, संध्याकाळ

सुधारणा मोजायची तर आधीचा आकडा हवा. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ, तिसऱ्या गिअरमध्ये. लेक शेजारी स्टॉपवॉच घेऊन. तीन वेळा. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. गाडी कमजोर असली तरी प्रामाणिक आहे.

लक्ष्य: चाळीस.

लेक म्हणाली, बाबा, आपल्याला कुठे शर्यत लावायची आहे, हळू गेलो तर उलट बरंच. मुलांना इंजिनातलं कळत नाही.

९ मार्च, शनिवार. दुपार

मॅनिफोल्ड उतरवला. व्हिडिओत दहा मिनिटं, मला साडेपाच तास. पण मी काळजीपूर्वक केलं. सगळे नट अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले. नंतर बायकोने ट्रेमध्ये अंडी ठेवली. नट आता वाटीत आहेत. क्रम लक्षात आहे, साधारण.

गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याला बेत सांगितला. त्यांना सगळी गल्ली हूं काका म्हणते, कारण ते एवढंच बोलतात. तीस वर्षं इंजिनांत हात घातलेला माणूस. मी पोर्टिंग, पॉलिशिंग, हवेचा प्रवाह, सगळं समजावून सांगितलं. ते पाना पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, हूं.

जाणकाराचा पाठिंबा मिळाला. बळ आलं.

११ मार्च, सोमवार

मॅनिफोल्ड पिशवीत घालून ऑफिसात नेला. एकोणतीस वर्षं वजनमाप खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासतो. घासून किती धातू निघाला हे मोजल्याशिवाय काम पुढे गेलं हे कसं कळणार? आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर: तीन हजार नऊशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, संदर्भासाठीचं वजन. त्यांनी रजिस्टरवर सही केली.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ९

आज आखणी. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्या मध्ये गॅस्केट नावाचा जाड कागदासारखा पत्रा असतो. त्याला नळ्यांच्या मापाची चार भोकं. तो मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवायचा, भोकांभोवती सुईने रेघ मारायची आणि त्या रेघेपर्यंत धातू काढायचा. सोपं.

एक खळबळजनक शोध लागला. नटांची भोकं बरोबर जुळतात, पण नळ्यांची चारही तोंडं गॅस्केटच्या मानाने तीन मिलिमीटर उजवीकडे! चारही! म्हणजे कारखान्यातच चूक. एकतीस वर्षं हे इंजिन नाक दाबल्यासारखं श्वास घेत होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या हातात मोजमापाचं कॅलिपर होतं म्हणून आलं.

कंपनीला पत्र लिहावं का? मसुदा तयार केला. टाकला नाही. एकतीस वर्षांनी चूक दाखवणं बरं दिसत नाही.

चारही तोंडं तीन मिलिमीटर डावीकडे सरकवायची. काम वाढलं, पण फायदाही वाढणार. लक्ष्य आता अडतीस.

१७ मार्च, रविवार

घासायला सुरुवात. मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनवर जुनी सतरंजी टाकली की उत्तम टेबल होतं. ग्राइंडरचा आवाज अपेक्षेपेक्षा जास्त आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्यांना वाटलं आमच्याकडे दातांचा दवाखाना सुरू झाला. बायकोकडे बघून त्या कवळीबद्दल विचारत होत्या.

चुरा गोळा करायला पीठ चाळायची चाळण घेतली. न विचारता. हे चुकलं.

आजचा चुरा: चौदा ग्रॅम. पहिल्याच दिवशी! शितावरून भाताची परीक्षा.

२० मार्च, बुधवार

ऑफिसातून आल्यावर एक तास. सहा ग्रॅम.

हिशेब केला. एकूण ऐंशी ग्रॅम काढायचे आणि नऊ सेकंद कमवायचे. म्हणजे साधारण नऊ ग्रॅमला एक सेकंद. मी आत्ताच दोन सेकंदांहून जास्त जोरात आहे. गाडी सुटी पडली आहे म्हणून दिसत नाही, एवढंच.

२३ मार्च, शनिवार

चाळण नवी आणली. बायको बोलू लागली. बोलली ते असं की जुन्या चाळणीचं काही नाही, पण तेरा तारखेचं काय. मी कॅलेंडर दाखवलं. एकवीस दिवस आहेत. तिने वॉशिंग मशीन दाखवलं. त्यावर मॅनिफोल्ड होता आणि खाली आठवड्याचे कपडे.

तिच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र कामात रस घेतला. नळीच्या वळणात ग्राइंडर पोहोचत नाही असं मी सांगितल्यावर त्यांनी दात पॉलिश करायचे रबरी कप दिले, मूठभर. गाडीच्या इंजिनात दाताचे कप वापरणारा मी पहिलाच असेन. टकल्याला हे सुचलं नसतं.

आज अकरा ग्रॅम. थेंबे थेंबे तळे साचे.

२६ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७

लेक बाल्कनीत चहा घेऊन आली. मी म्हणालो, जरा टॉर्च धर. तासभर धरून उभी होती. मध्येच काहीतरी बोलायला लागली, नोकरीबद्दल, एकटं राहण्याबद्दल. ग्राइंडर चालू होता, मला अर्धंच ऐकू आलं. एवढं वळण संपवतो, मग सांग, असं म्हणालो. वळण संपायला वीस मिनिटं लागली. मग विचारलं तर म्हणाली, राहू दे बाबा, रस्त्यात बोलू.

बरोबर आहे. सहा तास आहेत. गाडीत माणूस मोकळं बोलतं, समोर रस्ता असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. गाडी शिकवताना ती जेवढं माझ्याशी बोलली तेवढं आधी आणि नंतर कधीच नाही.

नऊ ग्रॅम.

३० मार्च, शनिवार

घासणं संपलं. पॉलिश सुरू. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग रबरी कप आणि दातांची पेस्ट. पेस्टला पुदिन्याचा वास आहे. इंजिन ताजंतवानं राहील.

३१ मार्च, रविवार

पहिल्या नळीत माझी उजवी नाकपुडी स्पष्ट दिसते.

हूं काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी करंगळी आत घातली, फिरवली, बाहेर काढून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग हूं म्हणाले. हा हूं नेहमीपेक्षा लांब होता. काकांकडून इतकं कौतुक मी आजवर कोणाचं ऐकलेलं नाही.

३ एप्रिल, बुधवार

चारही नळ्या आरसा. खरं तर काम संपलं. पण तिसऱ्या नळीच्या डाव्या अंगाला एक रेघ दिसते. ती जाईपर्यंत घासायचं. एकदा हात घातलाय तर अर्धवट कशाला. रविवारी बसवू. मग पाच दिवस हातात राहतातच.

साडूचा फोन होता. तेरा तारखेला मी रिकामा आहे, काही लागलं तर सांगा, असं म्हणाला. मी म्हणालो, काही लागणार नाही. आणि घाटात भेटलात तर चहा आम्ही पाजू.

६ एप्रिल, शनिवार. सकाळी १०.४०

तिसऱ्या नळीतली रेघ गेली.

तिच्या जागी उजेड दिसतोय.

६ एप्रिल, दुपार

आधी वाटलं टॉर्चचा उजेड आहे. टॉर्च बंद केली. उजेड तसाच. बाहेरून बोट लावलं तर आतून बोट दिसलं. भोक दोन मिलिमीटरचं. चार किलोच्या वस्तूत दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

बायकोने चष्मा लावून बघितलं. म्हणाली, आमच्याकडे असं झालं की दात गेला म्हणतात.

७ एप्रिल, रविवार

भोक पडण्याइतकी ती जागा पातळ कशी झाली, याचा मला उलगडा होईना. कंपनीने सगळीकडे सारखी जाडी ठेवली असणार. म्हणून मॅनिफोल्ड, गॅस्केट, कॅलिपर, सगळं घेऊन हूं काकांकडे गेलो. आखणी कशी केली ते दाखवलं. गॅस्केट तोंडावर ठेवून दाखवलं. कारखान्याची चूक समजावून सांगितली.

काकांनी एका बोटाने गॅस्केट उचललं, उलटं केलं आणि परत ठेवलं.

असं ठेवलं असतं तर मूळ तोंडं होती तिथेच सगळी भोकं बरोबर बसली असती. आता चारही नळ्या डाव्या अंगाने तीन मिलिमीटर जास्त खाल्लेल्या.

काका म्हणाले, हूं.

कंपनी निर्दोष आहे. पत्र टाकलं नाही ते बरं झालं.

७ एप्रिल, संध्याकाळ

टकल्याचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, उपाय शोधायला. या वेळी आवाज चालू. शेवटी तो जो आरशासारखा मॅनिफोल्ड धरून मान हलवतो, तो त्याच्या एका गिऱ्हाइकाने केलेला. असं कधीही करू नका, असं तो सांगत होता. इनटेक आतून थोडा खरखरीत लागतो म्हणे, नाहीतर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळतात. दीड मिनिट तो या एकाच मुद्द्यावर बोलतो. त्याची बोलण्याची पद्धत मला आवडली नाही.

लेक मागे उभी राहून ऐकत होती. खरखरीत पॉलिश पेपर शोधून आणून दिला.

८ एप्रिल, सोमवार

घाबरण्याचं कारण नाही. आज योजना पक्की केली. मेटल पुट्टी. हीही इंजिनांसाठीच असते, दुकानदाराने शपथेवर सांगितलं. भोक बुजवायचं, चारही नळ्यांच्या डाव्या अंगाला तीन मिलिमीटर थर द्यायचा, चोवीस तास वाळवायचं, घासायचं, बसवायचं. उद्या भरली की परवा घट्ट. गुरुवारी गाडी तयार. शुक्रवारी आराम. शनिवारी प्रस्थान.

९ एप्रिल, मंगळवार

पुट्टी भरली. दोन ट्यूबा असतात, एक पांढरी, एक काळी, सारख्या प्रमाणात मिसळायच्या. लेक म्हणाली, चित्रात दाखवलंय तशा सारख्या लांबीच्या दोन रेघा पिळ. नजरेचं माप हे माप नव्हे, असं मी तिला सांगितलं. त्यासाठी मी ऑफिसातला छोटा तराजू आणला होता. पांढरी अठरा ग्रॅम, काळी अठरा ग्रॅम. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक. त्या दुकानदारानेही अशी मिसळली नसेल कधी.

१० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६

वाळलेली नाही. बोट लावलं की ठसा उमटतो.

हवेत दमटपणा असावा.

११ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.३०

वाळलेली नाही. च्युइंग गमसारखी आहे.

खोका पुन्हा वाचला. तळाशी, बारीक अक्षरात: समान आकारमान घ्यावे, समान वजन नव्हे. काळीत लोखंडाचा कीस असतो, ती जड. म्हणजे मी काळी जवळजवळ अर्धीच घातली. एकोणतीस वर्षं मी लोकांना हेच सांगतो की लिटर आणि किलो एक नव्हेत. तेलवाल्यांना दंड केलाय यावर.

हे ऑफिसात कोणाला सांगणार नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ

सगळी पुट्टी खरवडून काढली. आज पुन्हा भरणं शक्य नाही, आधी रॉकेलने धुऊन कोरडं करायचं. उद्या संध्याकाळी भरली तर परवा संध्याकाळी घट्ट. परवा सकाळी सातला निघायचं आहे.

पी हळद आणि हो गोरी असं पुट्टीला सांगता येत नाही.

स्वयंपाकघरात गेलो तर बायको फोनवर होती. साडूशी. मला बघून आवाज खाली केला नाही. सांगून मोकळी झाली: शनिवारी साडू त्याची गाडी आणतोय. ती स्वतः, मेहुणी आणि लेक, आणि बाकी सामान. मीही येऊ का असं विचारलं. ती म्हणाली, दोन मोठ्या बॅगा, गादी आणि पंखा ठेवल्यावर एकच जागा उरते, आणि घर लावायला तिलाच जायला हवं. बसने येतोस का मागून, असंही म्हणाली. मी म्हणालो, बघतो.

बघत नाही. बसने मागून जाऊन काय करणार? मला ते सहा तास हवे होते. तिच्या शेजारी. गेले चाळीस दिवस मी त्यासाठीच घासतोय असं मला वाटत होतं. खरं तर मला ती जायलाच नको आहे. हे लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवणार नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

लेकीने पुट्टी मिसळली. दोन सारख्या रेघा, नजरेने. मी टॉर्च धरली.

काही बोलावं असं वाटत होतं. ती बॅग भरायला गेली.

१३ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.४०

गेली.

साडू पावणेसातलाच आला. वेळेच्या आधी यायची त्याला खोड आहे. मी त्याला घाटातली दोन वळणं समजावून सांगितली. तो ऐकून घेतो, हे मान्य करायला हवं. बॅगा मी ठेवल्या. गादी माझ्यामुळेच बसली, नाहीतर डिकी लागत नव्हती.

लेकीने काच खाली केली आणि म्हणाली, बाबा, पुट्टीला हात लावू नकोस, वाळू दे. मी म्हणालो, म्हणूनच तर थांबतोय, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. ती हसली. डोळे लाल होते तिचे. झोप झाली नसेल.

मी लगेच आत आलो. चोवीस तास लक्ष ठेवायचं आहे.

१३ एप्रिल, दुपारी ४

बायकोचा फोन. पाच तास दहा मिनिटांत पोहोचले. घाट कळलाही नाही म्हणे.

लेक घाटभर बोलत होती. मला बाल्कनीत सांगायचं राहिलं होतं तेच. गेला महिनाभर तिला नोकरीची धास्ती वाटत होती. एकदा तर नको म्हणून पत्रही लिहून ठेवलं होतं, पाठवलं नाही. कोणाला सांगावं कळत नव्हतं. साडूने गाडी बाजूला घेतली, चहा घेतला आणि तिला स्वतःच्या पहिल्या नोकरीचं सांगितलं. महिनाभर तो बाथरूममध्ये जाऊन रडायचा म्हणे. लेक पोट धरून हसली. आता बरी आहे.

साडू चांगला माणूस आहे. हे मी नाकारलेलं नाही कधी.

पुट्टी वाळली. दगड झाली आहे.

१४ एप्रिल, रविवार

मॅनिफोल्ड बसवला. वाटीतले नट सगळे लागले, एक उरला. कंपनी एखादा जास्तीचा देत असावी.

गाडी सुरू झाली! तिसऱ्या झटक्यात. शिट्टी वाजते. पुट्टीच्या कडेने कुठूनतरी हवा ओढते. गाडी उभी असताना इंजिन वर-खाली होतं, उचकी लागल्यासारखं. खालच्या आजी खिडकीत आल्या. त्यांना वाटलं कुकर.

चढावर गेलो. एक मिनिट बावन्न सेकंद. यात मध्ये दोनदा बंद पडली तो वेळ धरला आहे. तो वगळला तर आकडा इतका वाईट नाही.

१७ एप्रिल, बुधवार

बायको परत आली. येताना वाटेत साडूने तिला आणखी एक नवीन चाळण घेऊन दिली होती. आमच्या गाडीबद्दल त्याने चौकशी केली. बायकोने काय सांगितलं ते विचारलं नाही.

शिट्टी ऐकून ती म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मी म्हणालो, किरकोळ दुरुस्ती आहे. ती म्हणाली, कर आता निवांत, वरातीमागून घोडं.

१८ एप्रिल, गुरुवार

ऑफिसला जाताना गाडी गॅरेजसमोर बंद पडली. नेमकी तिथेच. हूं काका बाहेर आले. बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. मी म्हणालो, फक्त शिट्टीचं काय ते बघा, बाकी काम माझं झालंय. काकांनी किल्ली मागितली नाही, माझ्या हातातून घेतली.

हूंसुद्धा म्हणाले नाहीत.

२० एप्रिल, शनिवार. सकाळी ११

काका गाडी घेऊन दारात आले. जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडे याच मॉडेलची एक गाडी पडली होती, तिचा मॅनिफोल्ड आणून बसवला. आतून ओबडधोबड. कारखान्यातून आला तसाच. गॅस्केट सुलटं. शिट्टी नाही, उचकी नाही. माझा मॅनिफोल्ड वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला होता, व्यवस्थित.

मी म्हणालो, म्हणजे पुन्हा सत्तेचाळीस.

काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, खाली वाकले आणि पायाखालची रबरी मॅट ओढून बाहेर काढली. फुटपाथवर ठेवली. मग ते बोलले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं. एवढी जाड मॅट ॲक्सिलरेटरखाली असेल तर पेडल निम्म्यावरच अडकतं, गाडी चढणार कशी, ही घातली कोणी, असं विचारलं.

मीच घातली. गेल्या वर्षी, साडूच्या घाटाच्या आठवडाभर आधी. ऑफिसात यंत्रांखाली घालायला आणलेल्या रबरातला तुकडा उरला होता. एक थर पातळ वाटला म्हणून दोन चिकटवले. माप मी घेतलं होतं. कुठेही एक मिलिमीटरची फट नाही.

काकांना म्हणालो, बघतो.

२० एप्रिल, दुपारी १२.१५

चढ, तिसरा गिअर, मॅट काढून: अडतीस सेकंद.

मॅट घालून: सत्तेचाळीस.

पुन्हा काढून: अडतीस. शंकेला जागा नाही.

स्टॉपवॉच एका हातात धरून चालवावं लागलं. शेजारची सीट रिकामी.

२० एप्रिल, दुपारी १

लेकीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, अडतीस. ती इतक्या जोरात ओरडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. चाळीसच्याही खाली, असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली की मागचे आठ दिवस तिला सारखं वाईट वाटत होतं. तिच्यासाठी मी महिनाभर राबलो आणि सगळं फुकट गेलं, रस्ताही बरोबर झाला नाही. आता म्हणे तिला मोकळं वाटलं. मग तिने विचारलं, म्हणजे ते घासलेलं उपयोगी पडलं ना, बाबा?

मी हो म्हणालो.